उत्तरायुष्यातील ध्येय
(नंदुरबार येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



आत्ताच या व्यासपीठावर आपल्या सेवानिवृत्त बंधु-भगिनींचा सत्कार झाला. शाल पांघरली गेली, श्रीफळ हाती आले, टाळ्याही झाल्या. हा उपचार योग्यच आहे. परंतु सत्कारमूर्ती उद्या सकाळी उठून काय करणार, हे आपण कोणी विचारीत नाही. जन्मभर ज्यांची पावले शाळेच्या घंटेबरोबर उचलली गेली, त्यांना घंटेवाचूनचा दिवस फार लांब वाटतो. शेताचा कारभार मुलाच्या हाती सोपविलेला शेतकरी, लेकी सासरी गेल्यावर रिकाम्या घरात वावरणारी माता, मुले सुरतेस धंद्याला गेल्यामुळे मागे राहिलेले आईबाप, यांची अवस्था याहून निराळी नाही.

मग काय होते? शेत मुलाच्या नावे होते, पण तिजोरीची किल्ली बापाच्या जानव्याला किंवा करदोट्याला तशीच राहते. निवृत्त मुख्याध्यापक घरातच शाळा भरवितात आणि सुनेला रोज परीक्षेला बसवितात. आपण हसलात, पण घराघरांतील पुष्कळ कलहांचे मूळ येथे आहे. हुद्दा गेला की ‘मी कोण’ याचे उत्तरच हरवते आणि माणूस गेलेल्या हुद्द्याची सावली घट्ट धरून बसतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. गणित शिकविणे संपले. परंतु विधवा भगिनींसाठी १८९६ साली काढलेला आश्रम होता, आणि त्यातूनच १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. १९३६ साली, ७८व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले. १९४४ साली समता संघ स्थापन केला. वरवर पाहता ही चार निराळी कामे दिसतात. माझ्या मते काम एकच होते. ज्याला समाजाने कडेला ठेविले त्याच्या हाती अक्षर द्यावे, हा हेतू एकच. वय आणि काळ यांप्रमाणे त्याचे रूप तेवढे पालटत गेले.

परंतु कर्व्यांचे नाव घेतले की आपण सुटका करून घेतो. ते महर्षी, आपण प्रापंचिक! म्हणून मी आपल्या खानदेशातील एका अक्षरशून्य शेतकरी स्त्रीकडे येतो.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळील असोदे या गावी झाला. लहान वयात लग्न झाले, तिसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी लहान मुले होती. त्या काळी विधवेचे स्थान काय होते, हे येथील वृद्ध मातांना मी सांगावयास नको. पत्नी म्हणून जी ओळख होती ती एका दिवसात पुसली गेली. राहिले ते शेत, जाते, चूल आणि मुले. बहिणाबाईंनी या कष्टांतच आपले गाणे चालू ठेविले. जात्यावर, शेतात, घरकाम करता करता त्या ओव्या रचीत. पेरणी, मोट, पाखरांची घरटी, माहेरची वाट, मनुष्याचे चंचल मन, सारे त्यांत आले, आणि तेही आपल्या घरगुती बोलीत. लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी काही ओव्या टिपून ठेविल्या. बाकीच्या वाऱ्यावर गेल्या.

येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली. म्हणजे या माउलीने आपले पुस्तक डोळ्यांनी पाहिलेच नाही. कोणी वाहवा करील, शाल घालील, या आशेवर ते गाणे उभे नव्हते. म्हणूनच संसाराचा आधार तुटला तरी ते तुटले नाही. आज ज्या विद्यापीठाची पदवी आपल्या जिल्ह्यातील मुले-मुली घेतात, त्या जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले.

नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया आपण जाता-येता पाहतो. त्यांपैकी किती जणींच्या ओठी जुन्या ओव्या आहेत, हे आपण कधी विचारले आहे काय? आपल्या स्वतःच्या आजीला तरी विचारले आहे काय?

प्रत्येकाने विद्यापीठ काढावे, असे मी म्हणत नाही. गुडघे साथ देत नाहीत, औषधपाण्याचा खर्च असतो, नातवंडांची जबाबदारी असते. परंतु ज्याने तीस वर्षे हिशेब लिहिला त्याला एखाद्या होतकरू मुलास हिशेब शिकविता येईल. ज्याला बियाणे पारखता येते त्याने ते ज्ञान स्वतःबरोबर नेऊ नये. किल्ली मुलाला द्यावी आणि पारख नातवाला द्यावी.

म्हणून माझी मंडळास एक विनंती आहे. स्मरणिकेत सत्कारमूर्तींची छायाचित्रे छापाच; पण त्यासोबत एक यादीही करा. नाव, गाव, काय येते आणि आठवड्यातून किती तास देता येतील, एवढे चारच रकाने पुरेत. कागद कार्यवाहांजवळ ठेविलेले आहेत. भगिनींनी ते यजमानांकडून भरून घेऊ नयेत, स्वतः भरावेत. आणि लिहिता येत नसेल तर नातीला जवळ बसवून सांगावे, ती लिहील.