पत्राच्या आधी की नंतर?

आजच्या भागात पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. आणि विषय थोडा अडचणीचा आहे, कारण तो माझ्याबद्दलच आहे.

तुमच्यातल्या काहींना माहिती असेल, दोन वर्षं मी दर रविवारी शेअर बाजारावर एक ईमेल पत्र लिहायचो. सोमवार ते शुक्रवार सर्व्हर सांभाळायचे, शनिवारी ताळेबंद वाचायचे, रविवारी सकाळी पत्र. सुरुवात कॉलेजच्या मित्रांपासून झाली, मग त्यांचे मित्र, मग ऑफिसातले, असे २१२ वाचक झाले. फुकट होतं. यंदा वर्षाला ४९९ रुपये वर्गणी लावायची असं ठरवलं होतं. पेमेंटचं पानसुद्धा बनवून तयार होतं.

त्याच सुमारास एका छोट्या कंपनीबद्दल लिहिलं. गाड्यांचे सुटे भाग बनवते, कर्ज कमी, ऑर्डरी बऱ्या. मनापासून आवडलेली कंपनी होती. सोमवारी भाव चार टक्के वर गेला. आता तो माझ्या पत्रामुळे गेला की आपोआप, देव जाणे. पण शेअर असा, की दिवसाला फारसे सौदेच होत नाहीत. तिथे २१२ माणसं कमी नसतात.

मंगळवारी एका वाचकाचं एका ओळीचं उत्तर आलं. 'तुम्ही स्वतः कधी घेतला? पत्राच्या आधी की नंतर?'

आधी. अकरा दिवस आधी. आणि पत्रात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मला रागच आला खरं तर. मी काय फसवलं कोणाला? शेअर विकला तर नाहीच, उलट अजून घ्यायचा विचार होता. तळाशी नेहमीचं वाक्य होतंच की, 'हा गुंतवणुकीचा सल्ला नाही'. मग इंजिनिअर माणूस रागावल्यावर जे करतो ते केलं, रात्रभर वाचत बसलो. माझं बरोबर आहे हे सिद्ध करायला.

वाचता वाचता अमेरिकेतला एक खटला सापडला, १९६३ सालचा. कॅपिटल गेन्स रिसर्च ब्युरो नावाची संस्था दरमहा एक अहवाल काढायची. वर्गणी वर्षाला १८ डॉलर, वर्गणीदार साधारण पाच हजार. १९६० साली मार्च ते नोव्हेंबरमध्ये त्यांनी सहा वेळा एकच गोष्ट केली. आधी शेअर स्वतः घ्यायचा, मग अहवालात 'दीर्घ मुदतीसाठी घ्या' म्हणायचं, भाव वाढला की पाच-दहा दिवसांत स्वतःचा विकून मोकळं व्हायचं. वर्गणीदारांना यातलं काही कळवायचं नाही.

खालच्या कोर्टांनी त्यांना सोडलं होतं. मुद्दाम कोणाचं वाईट करायचं होतं असं दिसत नाही, कोणाचं नुकसान झाल्याचं सिद्ध नाही, असं म्हणून. म्हणजे अगदी माझाच बचाव! सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. हेतू आणि नुकसान सिद्ध करायची गरजच नाही, म्हणाले. सल्ला चांगला असू शकतो, पण देणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार त्यात अडकलेला आहे हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणजे तो स्वतः ठरवेल कितपत विश्वास ठेवायचा ते.

मी त्यांच्यासारखं विकलं नव्हतं, हे खरं. पण सोमवारी ते चार टक्के ॲपवर हिरवे दिसले तेव्हा मला आनंद झाला होता. कशाचा झाला होता, यावर मी बराच वेळ विचार केला.

दुसरा खटला १९८५ चा, लोवे नावाच्या प्रकाशकाचा. हा तर आधी गुन्हे शाबित झालेला माणूस, ग्राहकाचे पैसे हडप केल्याबद्दलसुद्धा. तिकडच्या सेबीने, म्हणजे एसईसीने, १९८१ मध्ये नोंदणी काढून घेतली. तरी गडी पत्रं काढतच राहिला! आणि सर्वोच्च न्यायालयात चक्क एसईसी हरली. पत्र सर्वांना सारखंच जातंय, कोणा एकाची परिस्थिती बघून सल्ला दिलेला नाही, तर हा कायद्याने सल्लागार नाही, प्रकाशक आहे, असा निकाल. हे वाचून मला हायसं वाटलं. म्हटलं, मीपण प्रकाशकच की.

मग सांगलीच्या मावशीचा फोन आठवला. पत्र गेलं त्याच संध्याकाळचा.

"अरे, तो तुझा शेअर घेऊ का? एफडी संपतेय माझी."

"घे की मावशी, चांगला आहे."

"तू घेतलायस ना?"

"हो तर!"

बस, एवढंच बोलणं. दोन लाख टाकले तिने. निवृत्त शिक्षिका आहे, पेन्शनवर राहते, हे मला माहीत होतं. तो फोन म्हणजे प्रकाशन नव्हतं.

आपल्याकडे काय आहे ते थोडक्यात सांगतो. पैसे घेऊन शेअरच्या शिफारशी करायच्या तर सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. त्यासाठी एनआयएसएमची परीक्षा आहे. २०१४ च्या नियमांत एक कलम आहे, ते मी त्या रात्री दोनदा वाचलं. ज्या शेअरची शिफारस करताय, त्यात अहवालाच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस स्वतः व्यवहार करायचा नाही. माझे अकरा दिवस त्यात कुठे बसतात ते तुम्हीच बघा. माझं पत्र फुकट होतं, नोंदणी नव्हती, तो वेगळा भाग. पण ४९९ चं पान तर तयार होतं ना.

पुढच्या रविवारी पत्रात खरेदीची तारीख, भाव आणि शेअरची संख्या टाकली. नऊ जणांनी नाव काढून घेतलं. विचारणाऱ्या वाचकाचं काही उत्तर नाही आलं. पेमेंटचं पान काढून टाकलं. परीक्षेचं पुस्तक उतरवून घेतलंय, अजून पन्नास पानंच झालीत.

शेअर आता माझ्या खरेदीच्या ३८ टक्के खाली आहे. मावशी घेताना भाव चढलेला, म्हणजे ती अजून खाली. गेल्या महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा तिला सगळं सांगितलं. अकरा दिवसांचंही. तिने ऐकून घेतलं, चहा गाळला, आणि विचारलं, "मग आता विकू का?"

म्हटलं, "मावशी, हे मी नाही सांगणार. सेबीकडे नोंदलेला सल्लागार शोधू, तुझे सगळे कागद घेऊन जाऊ. फी मी देतो."

"किती घेतो तो?"

आकडा सांगितला.

"एवढे?" मावशी म्हणाली. "आणि तू फुकट सांगत होतास."