माइक कोठे ठेवावा?



वसंत व्याख्यानमालेत गिटार आणि माइक हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून चाकणपर्यंतचा हा सारा पट्टा यंत्रांच्या आवाजातच वाढला आहे. येथला जुना फिटर स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि जागा बदलून बदलून ऐकतो. माइक ठेवण्याची विद्या ती हीच.

चाकणच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चार तरुण कामगार गुरुवारच्या सुटीला वाजवीत बसत. त्यांतला गिटारवाला दुसऱ्या दिवशी परगावी नोकरीवर जाणार होता. शेवटचे वादन टिपून ठेवावे म्हणून त्यांनी आम्हांस बोलाविले. आम्ही मोठ्या हौसेने स्पीकरपुढे दोन माइक मांडले. एक ५ सेंटिमीटरवर, दुसरा ३९ सेंटिमीटरवर. ऐकतो तो काय, आवाज पोकळ!

चूक आमचीच होती. दोन माइकांत ३४ सेंटिमीटरांचे अंतर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दुसऱ्या माइकला तो सेकंदाच्या हजाराव्या भागाने उशिरा पोचला. सेकंदाला ५०० कंपने असलेल्या स्वराची एवढ्या वेळात अर्धी लाट होते. एक माइक ‘पुढे’ म्हणतो तेव्हा दुसरा ‘मागे’ म्हणतो, आणि दोहोंच्या भांडणात स्वर क्षीण होतो. लांबच्या माइकात पत्र्याचा घुमारा शिरला, तो वेगळाच.

मग एकच माइक ठेवला. अमेरिकेतील शूअर कंपनीने १९६५ साली बाजारात आणलेल्या एस.एम. ५७ जातीचा. एकाने तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजविला, दुसऱ्याने माइक बोटभर सरकविला, आणि आम्ही शेडबाहेर हेडफोन लावून ऐकले. स्पीकरच्या मध्यासमोर आवाज कानाला टोचे. कडेकडे नेला की मऊ होई. कारण तीव्र स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात, खर्ज मात्र चोहोंकडे पसरतो. अशा जातीचा माइक फार जवळ नेला तर खर्ज फुगतो, हेही तेथेच कळले. अखेर मध्यापासून दोन बोटे बाजूस जागा सापडली. त्या ठिकाणी गिटार गिटारीसारखी वाजली.

ही जागा दुसऱ्या पेटीला जशीच्या तशी लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. मोजपट्टी घेऊन आरंभ करावा, पण निर्णय कानावर सोपवावा. आणि तो कान मोठ्या आवाजापासून जपावा, कारखान्यात तर विशेषच. आम्ही आधी माइक वाढविले आणि मग ऐकले. ऐकून मग वाढवावयास हवे होते.

तो मुलगा सकाळी ते ध्वनिमुद्रण घेऊन गेला.