‘सर्व ठीक’ म्हणणारी निकालवही



हिशेबाची बेरीज एकानें करावी व दुसऱ्यानें ती पडताळावी, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमाची पडताळणी दुसरा प्रोग्रॅमच करतो. त्यास टेस्ट स्क्रिप्ट म्हणतात. समजा, एक प्रोग्रॅम व्याज काढतो. १००० रुपयांवर दरसाल दर शेंकडा ५ प्रमाणें २ वर्षांचें सरळ व्याज १०० रुपये झालें पाहिजे. स्क्रिप्ट हा प्रश्न घालते आणि आलेलें उत्तर शंभराशीं ताडून पाहते. अशा चांचण्या शेंकड्यांनीं असतात. त्यांचा निकाल रोज डोळ्यांनीं वाचीत बसणें कोणास जमणार?

केंट बेक यांनीं १९९४ मध्यें स्मॉलटॉक भाषेसाठीं जी पद्धति मांडली, तींत निकाल टिपण्याकरितां एक निराळें ऑब्जेक्ट योजिलें होतें. त्याच परंपरेंतील सोय पायथॉन भाषेंत २००१ सालीं आली. तेथील ऑब्जेक्टाचें नांव ‘टेस्टरिझल्ट’. ही एक निकालवहीच समजा. मात्र आपण प्रश्न विचारावा आणि तिनें उत्तर द्यावें, अशी ती बोलकी आहे.

तिच्यांत नापासांचे रकाने दोन आहेत, आणि हा भेद मला फार मार्मिक वाटतो. व्याज १०० च्या ऐवजीं ९९ आलें तर ती ‘फेल्युअर’. व्याजदरांचें कोष्टकच सांपडलें नाहीं आणि प्रोग्रॅम मध्येंच कोलमडला तर ती ‘एरर’. पहिल्यांत उत्तर चुकलें. दुसऱ्यांत उत्तरापर्यंत मजल गेलीच नाहीं. प्रत्येक नोंदींत चांचणीचें नांव व घोटाळा कोठें झाला याचा वृत्तांत असतो. मुद्दाम वगळलेल्या चांचण्यांचा रकाना वेगळा.

इतका तपशील हाताशीं असतांना बहुतेक लोक वहीला एकच प्रश्न विचारतात: ‘यशस्वी झालें काय?’ आणि घात होतो तो येथेंच. ही वही यश ठरविते तें केवळ नापासांचे रकाने रिकामे पाहून. किती चांचण्या झाल्या, याची ती चौकशी करीत नाहीं. पायथॉनची स्क्रिप्ट शोधण्याची नेहमींची रीत अशी कीं, फाइलीचें नांव ‘टेस्ट’ या अक्षरांनीं सुरू झालें पाहिजे. कोणी ‘टेस्ट_व्याज’ चें ‘व्याज_टेस्ट’ केलें कीं ती फाइल दिसेनाशी होते. चांचण्या शून्य, नापास शून्य. वही म्हणते, यशस्वी! परीक्षेस कोणी बसलेंच नाहीं, म्हणून शाळेचा निकाल उत्तम म्हणावा, तशांतला हा प्रकार. इकडे व्याजाचा प्रोग्रॅम चुकीचीं व्याजें वांटीत बसला तरी कोणास पत्ता नाहीं.

२०२३ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या पायथॉन ३.१२ मध्यें चांचण्या चालविणारा प्रोग्रॅम अशा वेळीं ‘एकहि चांचणी झाली नाहीं’ असें सांगून ५ हा इशाऱ्याचा अंक परत देतो. तथापि निकालवहीला थेट विचारलें तर तिचें उत्तर पूर्वीचेंच: यशस्वी.

म्हणून यशाच्या प्रश्नापूर्वीं मी दोन प्रश्न घालतों: ‘टेस्ट्स रन’ चा आंकडा किती, आणि वगळलेल्या किती? काल ४१२ चांचण्या झाल्या व आज ९ च झाल्या, तर पुढचा प्रश्न विचारण्यापूर्वीं मी फाइलींचीं नांवें पाहावयास उठतों.