सुईवरचं रुपयाचं नाणं

वडिलांच्या मागे माझ्याकडे चाळीसेक एल.पी. रेकॉर्डी आल्या आणि त्यांच्याबरोबर पट्ट्यावर फिरणारा एक रेकॉर्ड प्लेअर. मी भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये उमेदीची वर्षं काढलेला माणूस. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तरी जॉब बाजूला काढायचा, ही सवय अंगात मुरलेली. पण घरी आलं की हे शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं. एक रेकॉर्ड सारखी अडकायची, म्हणून मी सुईच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं. अडकणं थांबलं. मी खूश! काही महिन्यांनी मात्र गायकाची प्रत्येक तार सप्तकातली जागा खरखरू लागली.

माझी चूक साधी होती. चुंबकीय कार्ट्रिजच्या सुईला साधारण दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. नाणं चार-पाच ग्रॅमचं. सुईचं टोक केसाहून बारीक, त्यामुळे एवढासा भारही त्या टोकाखाली प्रचंड दाब होतो. खाचेतली सगळ्यांत नाजूक नक्षी उंच स्वरांची. आधी तीच घासली जाते. कारखान्यात जॉब बिघडला तर दुसरा करता येतो. इथे घासला गेलेला स्वर परत मिळत नाही.

मग मी प्लेअरकडे मशीन म्हणून पाहिलं. आधी थाळीवर स्पिरिट लेव्हल ठेवून तो समपातळीत आणला. मग सुईचा दांडा मागच्या वजनाने तराजूसारखा तरंगता केला, ते शून्य धरलं आणि कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला भार दिला. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घेऊन तो तपासला. एक सांगतो, भार फार कमी ठेवणंही घातकच. हलकी सुई खाचेत नाचते आणि भिंतींना टोले देते. दांडा आत ओढला जातो त्याला उलटा ताण द्यायची खुंटी असते, तीही भाराच्या आकड्याला जुळवली. शेवटी रेघांचा छापील तक्ता थाळीवर ठेवून कार्ट्रिजचा कोन सरळ केला. या सगळ्याला काट्याचा खर्च आणि एक रविवार लागला.

पुढे वेग. एल.पी. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. पट्टा सैल झाला, पुलीला तेलकटपणा आला की वेग हलतो. आपला कान तो पकडतो, कारण वेग सहा टक्के वाढला तर काळी एकमध्ये गाणारा गायक थेट पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो! तपासायला १८० रेघांची चकती मिळते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्या उजेडात रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली बहुधा हे जमत नाही.

आता आमच्या भागाची खास अडचण. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालू झाला की भिंतीतला हादरा सुईपर्यंत पोचतो आणि स्पीकरमधून घुमतो. चाकणपर्यंत कारखाने पसरलेत, तेव्हा हे दुखणं माझ्या एकट्याचं नसावं. उपायही इथलाच. मशीनखाली घालतात तसे रबरी पॅड, त्यावर कडप्प्याची फरशी आणि फरशीवर प्लेअर. स्पीकर वेगळ्या स्टँडवर.

हे सगळं झाल्यावरच खिशात हात घाला. पहिला खर्च नव्या सुईचा. झिजलेली सुई चांगल्या रेकॉर्डीला कानसासारखी तासते. त्यात लंबगोल टोकाची परवडली तर उत्तम. मग चांगला फोनो प्रीअँप. १९५४ साली ठरलेल्या मानकानुसार रेकॉर्डवर खर्ज दाबून आणि उंच स्वर चढवून कोरतात. ते पूर्ववत करण्याचं काम तो करतो. घरात ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी असतील तर त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. आणि त्या स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते.

नव्या लंबगोल सुईने मी वडिलांची ती रेकॉर्ड पुन्हा लावली. ही सुई खाचेच्या भिंतीला थोड्या वेगळ्या जागी टेकते, त्यामुळे काही स्वर उजळले. तार सप्तकातली खरखर कमी झाली, पण गेली नाही. ती ऐकली की मला ते नाणं आठवतं. तुमच्या माळ्यावर असा प्लेअर असेल, तर तो जरूर खाली काढा. पण पहिली रेकॉर्ड लावण्याआधी सुईचं वजन करा.