बोटभर लांबीचें इंजिन

आगगाडीचें इंजिन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मेल गाडीचें धिप्पाड इंजिन उभें राहतें. टेबलावर रूळ मांडून विजेवर चालवावयाच्या छोट्या गाड्यांचा ज्यांना छंद आहे, त्यांचीहि पहिली ओढ अशा राजेशाही इंजिनांकडेच असते. पण ह्या छंदांत मुरलेल्या गृहस्थांना, "आपल्या हाताची खरी परीक्षा कोणतें इंजिन घेतें?" असें विचारलें, तर ते बहुधा मेल गाडीचें नांव घेणार नाहींत. ते कपाटांतून एक बोटभर लांबीचें, चार चाकांचें, पेटीसारखें दिसणारें इंजिन काढून आपल्यापुढें ठेवतील. कारखान्याच्या आवारांत चार वाघिणी इकडून तिकडे ढकलणाऱ्या डिझेल इंजिनाची ती प्रतिकृति असते. ह्या क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूंत किती शास्त्र आणि किती इतिहास सांठलेला आहे, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम मूळ इंजिनाची ओळख करून घेऊं. इंग्लंडांतील खाणी, गिरण्या, गॅसचे कारखाने, दारूगोळ्याचीं कोठारें ह्यांच्या आवारांत पूर्वीं स्वतःचे रूळ असत. रेल्वे कंपनीनें वाघिणी फाटकापर्यंत आणून सोडावयाच्या, आणि आंतील शंटिंग कारखान्यानें आपलें आपण करावयाचें, अशी वहिवाट होती. हें काम आधीं घोडे करीत, पुढें लहान वाफेचीं इंजिनें करूं लागलीं. परंतु वाफेच्या इंजिनाचा संसार मोठा. पहांटे उठून आग पेटवावी, पाणी तापेपर्यंत तास न् तास वाट पहावी, आणि दिवसांतून दोनदांच वाघिणी हलवावयाच्या असल्या तरी दिवसभर कोळसा जाळीत बसावें. शिवाय जेथें स्फोटक द्रव्यें आहेत तेथें धुराड्यांतून उडणारी ठिणगी म्हणजे साक्षात् काळच.

ह्या अडचणीवर तेलाचें इंजिन हा उतारा होता. ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीनें हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट ह्याच्या योजनेचीं तेलाचीं इंजिनें १८९२ पासून बांधावयास घेतलीं. त्याच कंपनीनें १८९६ सालीं वुलिच येथील शस्त्रागाराच्या अठरा इंची रुळांसाठीं तेलावर चालणारें एक इंजिन दिलें. त्याचें नांव 'लॅकेसिस'. रुडॉल्फ डिझेलचें स्वतःचें यंत्र ऑग्सबर्गला यशस्वी झालें तें १८९७ सालीं, म्हणजे त्यानंतर! पुढें १९१८ सालीं हॉर्न्सबी आणि लिंकन शहरांतील रस्टन, प्रॉक्टर ह्या दोन पेढ्या एक झाल्या, आणि ह्या रस्टन अँड हॉर्न्सबी कंपनीनें १९३१ पासून कारखान्यांसाठीं लहान डिझेल इंजिनें बांधण्याचा सपाटा लावला. त्यांपैकीं '४८ डी. एस.' ह्या नांवाचें इंजिन आपण नमुन्यादाखल घेऊं. शक्ति अठ्ठेचाळीस घोड्यांची, वजन सुमारें साडेसात टन, वेग ताशीं सुमारें दहा मैल, आणि चाकांना गति मिळावयाची ती सायकलीप्रमाणें सांखळीनें. चालवावयास एक माणूस पुरे. काम संपलें कीं यंत्र बंद, आणि यंत्र बंद कीं खर्चहि बंद.

आतां असें इंजिन लहान करावयाचें म्हणजे काय? इंग्लंडांत बहुतेक छांदिष्ट एका फुटाला चार मिलिमीटर हें प्रमाण धरतात. त्याला 'डबल ओ' म्हणतात. म्हणजे मूळ वस्तूचा सुमारें शहात्तरावा हिस्सा. त्या देशांतील रुळांची रुंदी चार फूट साडेआठ इंच. तिला चारांनीं गुणिलें म्हणजे १८.८३ मिलिमीटर येतात. पण बाजारांतील तयार रुळांची रुंदी पहावी तर ती साडेसोळा मिलिमीटर! कारण हे रूळ युरोपखंडांतील साडेतीन मिलिमीटरांच्या प्रमाणाचे आहेत. इंग्रजी इंजिनें मुळांतच अंगानें लहान. जुन्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटांत मावेनात. तेव्हां अंग थोडें मोठें केलें आणि रूळ तेच ठेवले. ही तडजोड आजतागायत चालत आली आहे. ज्यांना ती खुपते, ते स्वतःच्या हातानें खऱ्या मापाचे रूळ घालतात.

परंतु खरी गंमत रुंदींत नाहीं, वजनांत आहे. शाळेंत घनफळ शिकवितांना आम्ही मुलांना सांगतों कीं, लांबी निम्मी झाली कीं घनफळ अष्टमांश होतें. येथें लांबी शहात्तरावा हिस्सा झाली. म्हणून वजन झालें शहात्तराच्या घनानें भागिल्याइतकें, म्हणजे सुमारें चार लक्ष एकोणचाळीस हजारांनीं भागिल्याइतकें. साडेसात टनांना ह्या संख्येनें भागा. उत्तर येतें अवघे सतरा ग्रॅम! वजन घनाच्या हिशेबानें घटलें. पण रुळांवरील मळ, दांत्यांच्या चाकांचें घर्षण आणि वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्यांचा ताण हीं कांहीं त्या हिशेबानें घटत नाहींत. धुळीचा कण तर मुळींच लहान होत नाहीं. दहांश मिलिमीटरचा कण ह्या इंजिनाच्या दृष्टीनें पाऊण सेंटिमीटरचा खडा असतो. सतरा ग्रॅमांचें इंजिन अशा रुळांवर जागच्या जागीं चाकें फिरवीत राहील, नाहीं तर मुळींच हलणार नाहीं. म्हणून जाणता कारागीर कोपरा न् कोपरा शोधून त्यांत शिसें किंवा दुसरा जड धातु भरतो. खिडक्या मात्र मोकळ्या राहिल्या पाहिजेत. कारण खऱ्या इंजिनाच्या खिडकींतून पलीकडचें आकाश दिसतें, आणि प्रतिकृतीच्या खिडकींतून मोटार दिसली तर सारा डाव फसतो.

दुसरी अडचण विजेची. रुळांतून बारा व्होल्टांपर्यंतचा प्रवाह येतो, तो चाकांनीं उचलून मोटारीला द्यावयाचा. मोठ्या इंजिनाला दहा-बारा चाकें; चार रुसलीं तरी सहा कामाला असतात. आमच्या इंजिनाला चाकें चारच. त्यांतून चौपाई कधींहि डुगडुगते आणि तिवई कधींहि डुगडुगत नाहीं, हें आपण घरोघर पाहतों. चारांपैकीं एक चाक केसभर उचललें गेलें कीं प्रवाह डळमळला. ह्यावर युक्ति तिवईचीच! एक आंस पक्का बसवावयाचा, आणि दुसरा मध्यबिंदूवर झोके घेईल असा ठेवावयाचा. म्हणजे इंजिन तीन पायांवर उभें राहतें आणि चारहि चाकें रुळांना चिकटून राहतात.

त्याहून बिकट जागा सांध्याची. जेथें दोन रूळ एकमेकांना छेदतात, तेवढा तुकडा स्वस्त सांध्यांत प्लास्टिकचा असतो. तेथें वीज नसते. ज्याच्या दोन आंसांतील अंतर मुळांत सहा फूट, त्याच्या प्रतिकृतींत तें चोवीस मिलिमीटर. मेल गाडीचें इंजिन हा मृत तुकडा सहज ओलांडून जातें. आमचें छोटें इंजिन नेमकें तेथेंच थबकतें. मग बोटानें ढकलावें लागतें, आणि बोट लागलें कीं खऱ्या रेल्वेचा आभास संपला. ह्याला उपाय तीन आहेत. सांध्याचा तो तुकडा धातूचा करून त्याला वीज द्यावी. किंवा इंजिनाच्या पोटांत क्षणभर पुरेल इतकी वीज सांठविणारा कंडेन्सर ठेवावा. किंवा इंजिनाला एक उघडी वाघीण कायमची जोडून तिच्या चाकांनींहि वीज गोळा करावी. अलीकडे हॉर्नबी कंपनीनें ह्या '४८ डी. एस.'ची जी तयार प्रतिकृति बाजारांत आणली, तिच्याबरोबर अशी एक सपाट वाघीण दिलेली आहे.

कोणी म्हणेल, ही तर लबाडी झाली. खऱ्या इंजिनामागें अशी रिकामी वाघीण कोठें असते? श्रोतेहो, ह्याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. मोठ्या स्टेशनांच्या यार्डांत सिग्नलवाल्याला गाडी कोठें उभी आहे हें कळावें म्हणून रुळांतून मंद वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडीच्या आंसांनीं दोन रूळ जोडले गेले कीं खूण मिळते. परंतु हलकें, आंखूड, चार-सहा चाकांचें इंजिन गंजट रुळांवर उभें असलें तर कधीं कधीं ती खूण मिळत नसे. इंजिन रुळांवर असून सिग्नलवाल्याला मार्ग मोकळा दिसे! हा धोका टाळण्यासाठीं ब्रिटिश रेल्वेनें आपल्या कित्येक लहान शंटिंग इंजिनांना एक रिकामी वाघीण कायमची जोडून ठेविली होती. म्हणजे जी व्याधि बाहुलीला, तीच मूळ माणसाला. आणि औषधहि एकच. प्रतिकृति प्रामाणिकपणें करूं लागलें म्हणजे मूळ वस्तूचें मर्म असें अकस्मात् हातीं लागतें.

वेगाचेंहि तसेंच. ताशीं दहा मैल हा ह्या इंजिनाचा जास्तींत जास्त वेग. प्रमाणानें तो होतो सेकंदाला सुमारें सहा सेंटिमीटर. म्हणजे चार फुटी टेबल ओलांडावयास वीस सेकंद लागले पाहिजेत. आणि वाघिणीला हलकेच टेकावयाचें तर सेकंदाला एक सेंटिमीटर. जुनीं खेळण्यांतलीं शंटिंग इंजिनें डाकगाडीला लाजवीत धांवत. मोटार लहान, तिचे फेरे मिनिटाला हजारों. त्यांना मळसूत्राच्या आणि दांत्यांच्या चाकांनीं आवरून गोगलगाईच्या चालीवर आणणें, हीच ह्या कलेची पराकाष्ठा होय.

अशी संथ चाल साधली म्हणजे काय करावयाचें? येथें बुद्धीचा खेळ सुरू होतो. अ‍ॅलन राइट नांवाच्या इंग्रज छांदिष्टानें 'इंगलनुक सायडिंग्ज' नांवाचा एक चिमुकला मांड रचला. त्यांत सांधे दोनच आणि फाटे तीन. एका फाट्यावर पांच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन तीन. आणि मागेंपुढें करण्याच्या रुळावर इंजिन व तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पांच वाघिणींचा क्रम ठरवावयाचा, आणि नेमक्या त्याच क्रमानें गाडी जुळवावयाची. आठांतून पांच वाघिणी क्रमवार निवडण्याचे प्रकार सहा हजार सातशें वीस होतात. म्हणून रोज एक डाव मांडला तरी अठरा वर्षें पुरेल. विशेष हें कीं, ह्यांतील कोणताहि क्रम लावतां येतो, असें गणितानें सिद्ध झालें आहे. सोंगट्या-बुद्धिबळांत रमणाऱ्या आपल्या घरांना ह्या खेळाची गोडी निराळी सांगावयास नको.

जर्मनींतहि ह्या धाकट्या इंजिनांचा मान मोठा. तेथील रेल्वेनें १९३० नंतरच्या दशकांत लहान स्टेशनांसाठीं 'कॉफ' नांवाचीं बुटकीं इंजिनें आणलीं. तीं चालवावयास पूर्ण शिक्षण घेतलेला ड्रायव्हर नको. थोडें शिकविलेला स्टेशनचा माणूस पुरे. त्यामुळें मालगाडीला प्रत्येक स्टेशनांत शंटिंगसाठीं खोळंबून राहावें लागेना. लेन्झ ह्या जर्मन कंपनीनें ह्याच इंजिनाची पंचेचाळिसाव्या हिश्शाची प्रतिकृति केली, तेव्हां तिची कडी दुरून हुकूम देऊन सोडविण्याची सोय केली. बोट लावण्याचें शेवटचें निमित्तहि उरलें नाहीं.

आपल्याकडे पाहूं गेल्यास चार मिलिमीटरांच्या प्रमाणांत आपल्या साडेपांच फुटी रुळांची रुंदी बरोबर बावीस मिलिमीटर भरते, आणि १९०७ पासूनच्या माथेरानच्या दोन फुटी रुळांची आठ. तेथें १९५० नंतरच्या दशकांत जीं लहान डिझेल इंजिनें आलीं, तीं जर्मनींतील युंग कारखान्याचीं. बाजारांत नऊ मिलिमीटरांचे रूळ मिळतात. एका मिलिमीटरची तडजोड पत्करली तर नेरळची गाडी घरच्या टेबलावर आणणें अशक्य नाहीं. ज्या मुलाला पत्रा कापतां येतो आणि त्रैराशिक येतें, त्याला आरंभ करावयास तेवढें भांडवल पुरेसें आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. १९६६ सालीं रस्टन कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकच्या ताब्यांत गेली, आणि लवकरच तेथील रुळांवरचीं इंजिनें बांधण्याचें काम थांबलें. मालमोटारींनीं धंदा घेतला, कारखान्यांचे रूळ उखडले गेले, कित्येक कारखानेहि नाहींसे झाले. कांहीं इंजिनें संग्रहालयांत आणि हौशी मंडळींच्या जपलेल्या रेल्वेमार्गांवर उरलीं. बाकीचीं भंगारांत गेलीं. मेल गाडीच्या इंजिनाचे फोटो हजारों निघाले, त्यांना राजेरजवाड्यांचीं नांवें मिळालीं. फाटकाच्या आंत वाघिणी ढकलणाऱ्या इंजिनाचा फोटो काढावयास सहसा कोणी थांबलें नाहीं, आणि तें चालविणाऱ्या माणसाचा तर नाहींच. म्हणून आज प्रतिकृति करणारा छांदिष्ट जेव्हां जुने नकाशे धुंडाळतो, पायरीची झीज, तेलाचे डाग, सांखळीवरचें झांकण हीं मापून घेतो, तेव्हां तो केवळ खेळणें करीत नसतो. ज्या श्रमांची दप्तरांत नोंद झाली नाहीं, त्यांची तो पितळेंत आणि शिशांत नोंद करीत असतो. हें काम इंग्लंडांत थोडें उशिरा कां होईना, पण होत आहे. आपल्या बंदरांत, कारखान्यांत आणि डोंगरी मार्गांवर राबलेल्या लहान इंजिनांचीं मापें घेण्याचें काम, तीं चालविणारीं माणसें हयात आहेत तोंवरच, कोणीतरी हातीं घेतलें पाहिजे. त्याला लागतें तें एक फूटपट्टी, एक वही आणि विचारपूस करण्याइतकी नम्रता.