पाहुण्यांची ताटे



माझी शाळा सातवीला सुटली, तेव्हा मोठाले शब्द माझ्याकडून मिळायचे नाहीत. ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ असे वर्तमानपत्रात वाचले. वस्तू एकदा वापरून फेकायची नाही, ती फिरून कामाला लावायची, एवढाच त्याचा अर्थ. घरी आपण हे करतोच. प्रश्न आहे तो पाहुण्यांचा.

आपल्या इंदूरला पाहुण्यांची वाण नाही. उज्जैन-ओंकारेश्वरचे यात्रेकरू इथे उतरतात आणि रात्री सराफ्यात चक्कर टाकतातच. सोन्याची दुकाने मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलेबी! उरलेसुरले ओल्या कचऱ्यात गेले तर देवगुराडियाला पोचते. तिथला गॅसचा कारखाना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हा दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची ताकद होती. बंद टाक्यांत कचरा कुजवतात, निघालेला वायू शुद्ध करतात, त्यावर शहराच्या बसगाड्या चालतात आणि मागे राहील त्याचे खत. पाहुण्याने टाकलेला घास उद्या त्यालाच राजवाड्यावर नेऊन सोडील, याचे मला मोठे नवल वाटते.

पण खरकटी प्लेट? दिसते कागदाची, आतून प्लॅस्टिकचा मुलामा. ती ना खतात जिरते, ना रद्दीवाला घेतो.

यात्रेकरूंच्या जेवणाच्या ऑर्डरी आपले मंडळही घेते, आणि वाढते असल्याच प्लेटांत. मागच्या सभेत स्टीलच्या ताटांचा विषय निघाला, तो “घासायची कोणी?” या एका प्रश्नावर बारगळला. प्रश्न रास्तच होता. घरी चार ताटे जास्त पडली तर ती कोणाच्या वाट्याला येतात, हे मागच्या रांगेतल्या पुरुष मंडळींनाही ठाऊक आहे. शहराच्या नावाला मानपत्र आणि फुकटचे हात आपले, असे मला मान्य नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. मंडळाने दोनशे ताटे-वाट्या घ्याव्यात. प्लेटांवर जाणारा पैसा घासणाऱ्या बाईला रोज म्हणून द्यावा. सभासदांनी आळीपाळीने फुकट घासायचे, ही सूचना मला पसंत नाही. दोन महिन्यांत तीच चार नावे उरतील.

पाण्याचे कोणी विचारील. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून आणतात, ते नळाखाली सोडून चालायचे नाही. खरकटे आधी ओल्या डब्यात निपटावे, मग दोन टबांत ताटे धुवावीत.

भांड्यांच्या दुकानातून भाव काढून आणले आहेत. चहाच्या वेळी कागद फिरेल, वर्गणी देणाऱ्यांनी आपापले नाव लिहावे.