छातीवरचा बिल्ला



गोदाकाठच्या या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा प्रघात. आम्ही सातवी पास. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि युनियनच्या कचेरीत झाले. तरीही आज विज्ञानावर बोलतो, कारण प्रश्न मजुराच्या जिवाचा आहे.

वेल्डिंगचे सांधे किरणांनी तपासणाऱ्या एका ठेकेदाराकडे आमचा एक सभासद होता. किरण मोजणारा बिल्ला त्याच्या छातीवर हवा. तो सापडला ठेकेदाराच्या कपाटात! “हरवला तर भुर्दंड कोण भरणार?” हे वर उत्तर. तेव्हापासून आम्ही बिल्ल्याचा अभ्यास धरला.

त्यात कळले की, अणुभट्टीवर किंवा तेलविहिरींच्या तपासणीत गॅमा किरणांचा बिल्ला एकटा पुरत नाही. तिथे न्यूट्रॉनही असतात. या कणाला विद्युतभार नाही. शिशाची भिंत तो सहज ओलांडतो. पाण्यात, मेणात मात्र त्याचा वेग मोडतो. १९३२ साली चॅडविकने त्याला ओळखले, त्यात साधे मेणच कामी आले. न्यूट्रॉन स्वतः दिसत नाही. त्याने धक्का कोणाला दिला, ते पाहावे लागते.

मोठ्या मोजयंत्रांत हेलियम-३ वायू वापरतात. तो दुर्मिळ, २००८ नंतर जगभर त्याची टंचाई झाली. म्हणून शास्त्रज्ञ स्वस्त पदार्थांकडे वळले. कॅरमवर आपण बोरिक पावडर टाकतो ना? तिच्यातल्या बोरॉनचा सुमारे पाचवा हिस्सा बोरॉन-१० असतो. तो मंद न्यूट्रॉन गिळतो आणि अल्फा कण बाहेर फेकतो. तो मोजता येतो. वेगवान न्यूट्रॉनसाठी सीआर-३९ हे चष्म्याच्या भिंगांचे प्लॅस्टिक उपयोगी पडते. धक्क्याने उडालेला प्रोटॉन त्यावर सूक्ष्म व्रण करतो. पट्टी कॉस्टिकच्या द्रावणात ठेवली की व्रण मोठे होतात; मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने न्यूट्रॉन-बिल्ल्यांसाठी हेच प्लॅस्टिक वापरले आहे.

मंडळी, बिल्ला ही ढाल नव्हे, तो हजेरीपट आहे. अंगावर किती किरण पडले, याची ती नोंद. साधन महाग असले की पहिली काटकसर ठेक्यावरच्या मजुरापासून होते, हा आमचा अनुभव. म्हणून स्वस्त पदार्थ शोधणारा शास्त्रज्ञ आम्हाला आपला सोबती वाटतो.

पण कपाटातला बिल्ला फुकट मिळाला तरी महागच! तो छातीवर लागला पाहिजे आणि त्यावरचा आकडा मजुराच्या हाती पडला पाहिजे. पहिले काम प्रयोगशाळेचे. दुसरे आपणा सर्वांचे.